विकाऊ घराचे छायाचित्र



वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून या नावाच्या व्यासपीठांवरून वेदान्त, राजकारण, अर्थशास्त्र असे भारदस्त विषय बोलले गेले. अशा ठिकाणी घर विकताना किंवा भाड्याने देताना त्याची छायाचित्रे आणि चित्रफीत कशी काढावी, हा विषय मी घेऊन उभा राहिलो, याचे काहींना हसू येईल. ते यावे. पण हसून झाल्यावर एका गोष्टीचा विचार करावा. सामान्य माणूस जन्मात एकदा घर घेतो. फंडातले पैसे, बायकोच्या पाटल्या आणि वीस वर्षांचे कर्ज एवढे सगळे तो त्यात घालतो. आणि त्या घराशी त्याची पहिली गाठ पडते ती आता दारात पडत नाही, हातातल्या मोबाइलच्या पडद्यावर पडते. तेव्हा तो पडदा खरे बोलतो की खोटे, हा प्रश्न किरकोळ म्हणता येणार नाही.

भोसरीत तर तो मुळीच किरकोळ नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे भोसरीच्या माळावर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९७० साली भोसरी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही गावे एका नगरपालिकेत आली. १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. शेताच्या बांधांवर गल्ल्या आल्या, गोठ्यांच्या जागी चाळी आल्या, चाळींच्या जागी चार-पाच मजली इमारती आल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून तरुण मंडळी चाकणला आणि भोसरीला कामाला लागली. त्यांचे आईवडील गावी, बायकोमुले कधी गावी तर कधी इथे. असा माणूस दुसऱ्या पाळीहून सुटल्यावर रात्री मोशीतली, चऱ्होलीतली, इंद्रायणीनगरातली घरे मोबाइलवर पाहतो, त्यांतली दोन छायाचित्रे लातूरला वडिलांना पाठवतो, आणि वडील तिकडून होकार किंवा नकार देतात. घर पाहावे बांधून, असे आपले पूर्वज म्हणत. आता बांधणारे वेगळे आणि पाहणारे वेगळे झाले आहेत, आणि दोघांच्या मध्ये एक छायाचित्र उभे आहे.

पूर्वी हे काम शब्द करीत. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत 'दोन खोल्या, नळ आत, हवेशीर' एवढे छापून येई. त्या जाहिरातीही काही हरिश्चंद्राच्या अवतार नव्हत्या. 'स्टेशनपासून पाच मिनिटे' या शब्दांवर विश्वासून निघालेली माणसे अर्ध्या तासाने घामाघूम होऊन पोचत. पण शब्दांविषयी वाचक सावध असे. जाहिरातदार चार शब्द वाढवून बोलणार, हे त्याने धरलेलेच असे. छायाचित्राविषयी ही सावधगिरी आपल्यात अजून पुरती आलेली नाही. डोळ्यांनी पाहिले की खरे, अशी आपल्या मनाची जुनी सवय आहे. म्हणून शब्दाच्या खोट्यापेक्षा चित्राचे खोटे अधिक खोल जाते.

इंटरनेटवर घरांच्या जाहिराती सुरू झाल्यावर ही अडचण लवकरच लक्षात आली. २०१२ साली मुंबईत पवईच्या आय. आय. टी.तून निघालेल्या तरुणांनी हाउसिंग डॉट कॉम ही संस्था काढली, तेव्हा आपली माणसे घरोघरी पाठवून छायाचित्रे घेण्यावर त्यांनी भर दिला होता. मालकाने दिलेल्या छायाचित्रापेक्षा तिऱ्हाइताने काढलेल्या छायाचित्रावर लोक अधिक विश्वास ठेवतील, हा त्यामागचा हिशेब. पुढे २०२० च्या टाळेबंदीत घर पाहावयास जाणेच बंद झाले आणि चित्रफितीवरून घरे पसंत करण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. टाळेबंदी उठली, पद्धत राहिली.

आज जगात टिकून असलेले सर्वांत जुने छायाचित्र कशाचे आहे, हे आपणांस ठाऊक आहे काय? ते घराच्याच खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचे आणि भिंतींचे आहे. फ्रान्समध्ये निएप्स नावाच्या गृहस्थाने १८२६-२७ च्या सुमारास ते घेतले. त्या काळच्या पट्टीवर चित्र उमटावयास कित्येक तास लागत. तेवढ्या वेळात सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेला, आणि त्या चित्रात समोरासमोरच्या भिंतींवर एकाच वेळी ऊन पडलेले दिसते. निएप्सने कुणाला फसविले नव्हते. यंत्राने इमानाने आपले काम केले होते. तरीही पाहणाऱ्याला असे घर दिसते, की जे कोणत्याही एका घटकेला तसे नव्हते. म्हणजे छायाचित्रात खरे आणि दिसणारे यांत पहिल्या दिवसापासूनच अंतर आहे. ते अंतर जाणून बुजवावयाचे की जाणून वाढवावयाचे, हे काढणाऱ्याच्या हाती आहे.

हे अंतर पहिल्यांदा पडते ते भिंगामुळे. दहा बाय दहाच्या खोलीच्या कोपऱ्यात उभे राहून समोरच्या दोन्ही भिंती दाखवावयाच्या, तर भिंगाला ९० अंशांचा कोन दिसावयास हवा. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने बोलावयाचे तर ५० मिलिमीटरच्या भिंगात आडवा सुमारे ४० अंशांचा पट्टा येतो. त्यात एक कपाट आणि अर्धी खिडकी एवढेच मावते. २४ मिलिमीटरच्या भिंगात सुमारे ७४ अंश येतात. म्हणून छोट्या घराला वाइड लेन्स लागतेच. ती वापरणे हा अपराध नाही. पण आता पुष्कळ मोबाइलांत १२० अंशांपर्यंत पाहणारे भिंग असते. ते लावले, की जवळची फरशी ताणली जाते, समोरची भिंत दूर पळते, आणि स्वयंपाकघराचा बोळ दिवाणखान्यासारखा दिसू लागतो. खोलीत आहे ते सगळे दाखविणे वेगळे आणि खोलीत नाही ती लांबी दाखविणे वेगळे. चौकटीच्या कडेला असलेला पंखा लंबगोल दिसू लागला किंवा गॅसची शेगडी तिरपी ताणली गेली, की भिंगाने मर्यादा ओलांडली असे समजावे.

यंत्र साधारण छातीच्या उंचीवर, चार-साडेचार फुटांवर, तिवईवर सपाट ठेवावे. ते वर किंवा खाली कलले, की दारांच्या चौकटी आत झुकतात आणि चांगले बांधलेले घरही पडावयास आल्यासारखे दिसते. स्वयंपाकघरात ओट्याचा वरचा भाग नीट दिसेल एवढी उंची पुरे. हे साधे नियम पाळले, तर हजारो रुपयांच्या यंत्रसामग्रीवाचूनही घराचे बरे छायाचित्र निघते.

आता प्रकाश. आपला डोळा खिडकीबाहेरचे ऊन आणि खोलीतला कोपरा दोन्ही एका नजरेत सांभाळून घेतो. यंत्राला ते साधत नाही. खोली दिसावी म्हटले तर खिडकी पांढरीफटक होते, खिडकी दिसावी म्हटले तर खोली कोळशासारखी होते. म्हणून एकाच जागेवरून कमीअधिक उजेडाची तीन छायाचित्रे घेऊन ती एकत्र करतात. हे मला योग्य वाटते, कारण त्यातून निघणारे चित्र डोळ्याला जे दिसते त्याच्या जवळ जाते. परंतु भोसरी गावठाणात, लांडेवाडीत अशा कित्येक खोल्या आहेत, की जिथे खिडकीतून हात लांब केला तर शेजारच्या इमारतीची भिंत लागते. त्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. तिथे दोन दिवे लावून, वर संगणकाने उजेड चढवून 'सूर्यप्रकाशाने उजळलेले घर' असे लिहिणे म्हणजे उघड उघड खोटी साक्ष देणे. माझी सूचना अशी, की प्रत्येक घराचे निदान एक छायाचित्र भर दिवसा सगळे दिवे बंद ठेवून काढावे, आणि खाली वेळ व महिना लिहावा. वीज बिल भरणाऱ्याला त्या एका चित्राची किंमत कळते.

बदल कोणता चालतो आणि कोणता चालत नाही, यावर पुष्कळ वाद होतात. मी या कामात एक नियम धरला आहे, आणि आजच्या बोलण्याचे सार तेवढेच आहे. जे मालकाबरोबर जाणार आहे ते हलवावयास हरकत नाही. जे घराबरोबर राहणार आहे त्याला हात लावू नये. दोरीवरचे कपडे मालकाबरोबर जाणार. ते खुशाल काढून ठेवावेत. मुलांची दप्तरे, खाटेखालच्या पेट्या, ओट्यावरची भांडी नीट लावावीत. पाहुणा येणार म्हणून आपण घर आवरतोच, त्यात लबाडी नाही. पण भिंतीवरचा ओलीचा डाग घराबरोबर राहणार. खिडकीसमोरचा विजेचा खांब, शेजारच्या शेडचा पत्रा, छतातली चीर हीही राहणार. पूर्वी असा डाग पुसावयास कसबी माणूस आणि अर्धा दिवस लागत असे. आता संगणकाला नुसते सांगितले, की क्षणात खांब नाहीसा होतो आणि त्या जागी आंब्याचे झाड उगवते. रिकाम्या खोलीत संगणकाने सोफा, पडदे, झुंबर मांडण्याचीही चाल पडली आहे. ते मांडावयाचेच असेल तर 'फर्निचर काल्पनिक' असे त्याच चित्रावर लिहावे आणि शेजारी रिकाम्या खोलीचे खरे चित्र द्यावे. सोफ्याचे माप थोडे कमी केले, की खोली आपोआप मोठी होते, हेही पाहणाऱ्याने विसरू नये.

चित्रफितीची गोष्ट याहून निराळी आहे, कारण तिच्यात काळ आहे आणि आवाज आहे. १८९९ साली सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चित्रण केले. आपल्या देशात भारतीय माणसाने केलेल्या अगदी पहिल्या चित्रणांपैकी ते एक. भोसरीसारख्या तालमीच्या गावात मला त्याची आठवण येते, ती अशासाठी, की कुस्ती सलग पाहिली तरच कळते. पाठ लागली की नाही, तो क्षण मधून कापून टाकला, तर हरलेल्यालाही विजयी दाखविता येईल. घराचेही तसेच आहे. रस्त्यावरून निघावे, गल्लीतून चालत यावे, जिना चढावा, उंबरठा ओलांडावा आणि खोलीमागून खोली दाखवीत गॅलरीत जाऊन थांबावे. हे सगळे एका सलग चित्रणात असावे. गल्लीत टेम्पो शिरतो की नाही, वेळप्रसंगी आगीचा बंब किंवा रुग्णवाहिका दारापर्यंत येईल की नाही, आजोबांना जिना झेपेल की नाही, हे त्या दोन मिनिटांत कळते. दहा सुंदर तुकडे जोडून केलेल्या चित्रफितीत नेमके हेच गळलेले असते.

आणि आवाज! चित्रफितीवर सनई किंवा गिटार चढविण्याची एक टूम निघाली आहे. घराला स्वतःचा आवाज असतो, तो ऐकू द्यावा. आपल्या औद्योगिक वसाहतीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी चित्रण केले तर भोसरीतले कुठलेही घर आळंदीच्या घाटासारखे शांत वाटते. शुक्रवारी सकाळी शेजारच्या वर्कशॉपमधला पॉवर प्रेस सुरू झाला, म्हणजे ताटातली वाटी थरथरते. नाशिक रस्त्यालगतच्या घराला ट्रकांचा आवाज रात्रभर सोबत करतो. म्हणून चित्रण कामाच्या दिवशी करावे, खिडकी उघडी ठेवून निदान अर्धा मिनिट काही न बोलता उभे राहावे आणि तो आवाज तसाच ठेवावा. ज्याचा जन्म यंत्रांच्या आवाजात गेला आहे, तो त्या आवाजाला भिणार नाही. पण रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला तो आधी कळला पाहिजे. जाता जाता कामाची एक गोष्ट सांगतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण चित्रफितीवर काळे पट्टे सरकू लागतात. कॅमेऱ्याचा शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवला, की बहुतेक वेळा हे पट्टे जातात.

काही मंडळी ड्रोन उडवून घराचे चित्रण करतात. वरून पाहिले की सगळेच गाव हिरवे दिसते. आपल्या शेजारी दिघीला संरक्षण खात्याची संशोधन संस्था आहे आणि पलीकडे लोहगावचा हवाई तळ आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे कुठे उडवावयाचे आणि कुठे नाही, हे शासनाच्या नकाशावर आधी पाहावे लागते. एका फ्लॅटच्या जाहिरातीसाठी तो धोका पत्करण्याची गरज नाही. शेजारची गच्ची, तिथे केस वाळवीत बसलेली बाई, यांची परवानगीही आपण घेतलेली नसते.

यावरून घरातल्या माणसांकडे येतो. घराचे छायाचित्र काढणारा माणूस परक्याच्या स्वयंपाकघरात, देवघरात, निजावयाच्या खोलीत जातो. एवढ्या आत डॉक्टरही जात नाही. तिथे त्याने काही मर्यादा पाळल्या पाहिजेत. दारावरच्या नावाची पाटी, भिंतीवरचा कुटुंबाचा फोटो, मुलांच्या शाळेचे ओळखपत्र, टेबलावरचे आधार कार्ड, खिळ्याला अडकविलेल्या किल्ल्या यांतले काहीही जगापुढे मांडण्याचा त्याला अधिकार नाही. किल्लीच्या स्पष्ट छायाचित्रावरून दुसरी किल्ली घडविता येते, हे भोसरीच्या कारागिरांना मी काय सांगावे? घरात भाडेकरू राहत असेल, तर घर मालकाचे असले तरी आतला संसार भाडेकरूचा आहे; त्याला आधी विचारले पाहिजे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. आपल्या आयाबहिणी मात्र कॅमेरा दिसताच पदराने ओटा पुसू लागतात, तेव्हा त्या हाच हक्क आपल्या परीने सांगत असतात. त्यांना पाच मिनिटे द्यावीत. गरिबाचे घर दाखवावे. गरिबी दाखवू नये.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. १९६३ साली महाराष्ट्राने सदनिकांच्या मालकीचा कायदा केला आणि बांधणाऱ्याने काय काय उघड केले पाहिजे ते सांगितले. पुढे २०१६ साली केंद्राचा रेरा कायदा आला. २०१७ च्या मे महिन्यापासून तो पूर्णपणे लागू झाला. त्याचे बारावे कलम आजच्या विषयाला फार महत्त्वाचे आहे. जाहिरातीतील माहितीवर किंवा नमुना सदनिकेवर विसंबून कोणी पैसे भरले आणि ती माहिती खोटी निघून त्याचे नुकसान झाले, तर बांधकाम करणाऱ्याने भरपाई द्यावयाची. ग्राहकाला बाहेर पडावयाचे असेल तर पैसे व्याजासह परत करावयाचे. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने अशा जाहिरातींवर क्यू. आर. कोड छापणे सक्तीचे केले. तो मोबाइलने वाचला की प्रकल्पाची नोंदलेली माहिती समोर येते. परंतु एका गृहस्थाने आपला जुना फ्लॅट दुसऱ्याला विकला, तर हे कलम कामी येत नाही. तिथे राहतो तो करार आणि माणसाचा शब्द. म्हणून जिथे कायद्याचा हात पोचत नाही तिथे छायाचित्राने अधिक सचोटीने वागले पाहिजे.

छायाचित्र कितीही प्रामाणिक असले तरी त्याला सर्व दिसत नाही, हेही ग्राहकाने ओळखावे. त्यात सात-बारा दिसत नाही. गुंठा-गुंठा जमिनीवर उभी राहिलेली परवानगीवाचूनची इमारत छायाचित्रात परवानगीच्या इमारतीइतकीच देखणी दिसते. त्यात वास येत नाही. मोशीच्या कचरा डेपोकडून वारा वाहतो त्या दिवशीचे आणि वाहत नाही त्या दिवशीचे छायाचित्र सारखेच. त्यात नळाचे पाणी दिसत नाही. २०१९ च्या अखेरीस महापालिकेने एक दिवसाआड पाणी देण्यास सुरुवात केली, तेव्हापासून घरोघरी निळे पिंप आले. आणि छायाचित्र काढताना पहिल्यांदा बाहेर जाते ते हेच पिंप. वास्तविक त्या घराविषयी सर्वांत खरे बोलणारी वस्तू तीच. मेमध्ये काढलेल्या चित्रात गळती दिसत नाही, म्हणून चित्रावर तारीख हवी, आणि जमल्यास घर पावसाळ्यात एकदा पाहावे.

पाहणाऱ्याला एक युक्ती सांगतो. चित्रातल्या फरशा मोजाव्यात. आपल्याकडे अलीकडच्या घरांत बहुधा दोन फूट बाय दोन फुटांची फरशी असते. भिंतीलगत पाच फरशा भरल्या तर खोली दहा फूट. मग भिंगाने ती कितीही ताणलेली असो. दार साधारणपणे सात फूट उंच आणि मुख्य दार सुमारे तीन फूट रुंद असते. दार जर उंचीच्या मानाने अतोनात रुंद दिसले, तर त्याच्या शेजारची खोलीही तेवढीच फुगलेली आहे, असे धरावे. कागदावर चटई क्षेत्र किती लिहिले आहे ते विचारावे. रेराच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती आणि गॅलरी त्यात धरीत नाहीत. आतल्या भिंती धरतात. भिंग खोटे बोलेल, फरशी बोलणार नाही.

कोणी विचारील, इतके खरे दाखविले तर घर विकणार कसे? धंद्याच्या दृष्टीने हा प्रश्न रास्त आहे. पण फसव्या चित्राने काय मिळते ते पाहा. चाकणहून एक कामगार गुरुवारची सुट्टी घालवून, बायकोला आणि मुलाला घेऊन, दोन रिक्षा बदलून येतो. दारात पाऊल टाकताच त्याचा चेहरा पडतो, आणि 'कळवतो' म्हणून तो जातो. असे वीस लोक येतात आणि जातात. त्यांचे वीस गुरुवार गेले, मालकाचेही गेले. घर अंधारे आहे हे ज्याला आधीच ठाऊक आहे आणि तरी जो येतो, तो घेण्यासाठी येतो. अंधाऱ्या घरालाही गिऱ्हाईक असते. किंमत योग्य असली आणि शाळा जवळ असली म्हणजे झाले. प्रत्येक घर कुणासाठी तरी योग्य असते. त्याची आणि घराची गाठ घालून देणे एवढेच या छायाचित्राचे काम आहे.

छायाचित्रकार पैसे मालकाकडून घेतो, म्हणून तो मालकाचा वकील होतो, असा एक समज आहे. मला तो मान्य नाही. वकिलाने काय बोलावे ते अशील ठरवितो. साक्षीदाराला जे दिसले तेच बोलावे लागते. या गावात पोलादाचा तुकडा मायक्रोमीटरने मोजून, सूतभर चुकला तर बाजूला टाकणारी हजारो माणसे आहेत. त्यांच्या मालाला जगात किंमत आहे ती या मापामुळे. त्याच माणसांना घर विकताना आपण फुगविलेल्या मापाचे चित्र दाखवावे, हे भोसरीला शोभणारे नाही. तेच माप आमच्या धंद्यालाही लागू व्हावे, एवढी माझी मागणी आहे.